पुळणीवरून सुटायचं कसं

चि. भाचीस,

अनेक आशीर्वाद.

"अमेरिकेच्या आर्मीत जाऊन बोटी चालवायच्या म्हणजे नेमकं काय रे?" असं तुझी आई फोनवर पुन्हा पुन्हा विचारत होती. तिला म्हटलं, दाभोळ-धोपाव्याची फेरीबोट आठव. पुढची फळी पाडते, गाड्या उतरतात. ती बरीच मोठी कर आणि अटलांटिकपार पाठव. एवढ्यावर तिचं समाधान झालं, पण तुझं होणार नाही.

तुझ्या वाट्याला येण्याची शक्यता असलेली एलसीयू 2000, म्हणजे थेट किनाऱ्याला लागून माल उतरवणारी बोट, ही 174 फूट लांब. पाच एब्रॅम्स रणगाडे किंवा तेवढ्याच वजनाचे कंटेनर, म्हणजे 350 अमेरिकी टन माल घेते. चालवायला माणसं अवघी 13, वेग 10 ते 12 नॉट. सपाट तळामुळे भर समुद्रात आपटत, डुलत चालते. मार्च 2024 मध्ये माँटेरी, मॅटामोरोस आणि विल्सन व्हार्फ अशा तीन एलसीयू व्हर्जिनियाहून स्वतःच्या इंजिनांवर भूमध्य समुद्राकडे निघाल्या होत्या. (नेव्हीवाले यावरून चेष्टा करतील. करू देत.)

नव्या मुलांचं सगळं लक्ष बोट किनाऱ्याला लावण्याकडे असतं. तू ती सुटणार कशी हे आधी बघ. पुळणीपासून थोडं दूर असतानाच मागचा नांगर टाकायचा, तार सोडत सोडत पुढे यायचं. परतताना हीच तार विंचने (तार गुंडाळणाऱ्या यंत्राने) ओढून बोट मागे खेचायची. नांगर उशिरा पडला तर तार आखूड राहते, नांगर धरत नाही. मग लाटा बोटीला आडवी करतात. आडवी पडलेली बोट रेतीत बसायला वेळ लागत नाही. फळी उघडी असताना तुझी नजर पुढे उतरणाऱ्या ट्रकांवर कमी आणि मागच्या तारेवर जास्त असली पाहिजे.

भरती-ओहोटीचं आजोबांकडून ऐकलेलं विसरू नकोस. अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी; अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे सगळ्यात जास्त. चढत्या पाण्यात लागलीस तर माल उतरेपर्यंत पाणीच तुला उचलतं. ओहोटीत लागलीस तर पुढच्या भरतीपर्यंत बसून राहा. सगळ्यात वाईट म्हणजे ऐन उधाणाच्या माथ्यावर लागणं: त्यानंतरची प्रत्येक भरती थोडी कमी, आणि पुढचं उधाण जवळजवळ पंधरा दिवसांनी. माल उतरला की बोट हलकी होते, तेवढाच आधार.

उतारही आधी मोजायचा. किनारा फार सपाट असेल तर बोट लांबच टेकते आणि फळीपुढे पाणी उरतं. त्याहून फसवा असतो तो वाळूचा दांडा. बोट टेकते, वाटतं आलो, आणि दांड्यापलीकडे पुन्हा खोल पाणी. डिसेंबर 1971 च्या युद्धात, आताच्या बांगलादेशातल्या कॉक्स बाजारला आपल्या घडियाल आणि गुलदार या जहाजांतून गोरखा जवान उतरवताना हेच झालं. पहिले जवान पाठीवरच्या ओझ्यासकट खोल पाण्यात गेले आणि काही बुडाले. जहाजं नौदलाची, माणसं सैन्याची. किनाऱ्याची पाहणी आधी नीट झाली असती तर हे टळलं असतं, असं माझं मत. म्हणून नकाशावर विश्वास ठेवून फळी पाडू नकोस. आधी काठी घालून खोली बघायला माणूस पाठव.

आता गाझा. मदतीचा माल उतरवायला अमेरिकी सैन्याने जोडलेला तो तरंगता धक्का तू बातम्यांत पाहिलास. 17 मे 2024 ला त्यावरून पहिले ट्रक गेले, आणि 25 मेच्या सुमारास खवळलेल्या समुद्राने धक्का मोडला. आर्मीच्या चार बोटी सुटून किनाऱ्याला लागल्या, त्यातल्या दोन अश्कलोनजवळ. दुरुस्त करून तो पुन्हा जोडला, पण जुलैत काम गुंडाळलं. तिथे भरती-ओहोटी नावालाच. सगळा प्रश्न लाटांचा. अशी जोडणी साधारण सव्वा मीटर लाटांपर्यंतच टिकते, हे आधीपासून माहीत होतं. त्यातल्या माणसांना नावं ठेवायला मी तयार नाही. ज्या किनाऱ्यावर, ज्या ऋतूत ते बांधायला सांगितलं, तो निर्णय त्यांचा नव्हता. पण हवामानाचा अंदाज वाचून "आज नाही" असं कॅप्टनला सांगायची वेळ तुझ्यावरही येईल. तेव्हा आकडे हातात असू देत.

पगार-बढतीचं थोडक्यात. या शाखेचा भरवसा फार धरू नकोस. 2018-19 च्या सुमारास आर्मीने बऱ्याच बोटी काढून टाकायचं ठरवलं होतं, काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, अडवलं म्हणून थांबलं. मग वारं फिरलं आणि 2024 मध्ये योकोहामाला नवी तुकडी उभी राहिली. फोर्ट युस्टिसच्या (व्हर्जिनियातला आर्मीचा तळ) शिक्षणानंतर वॉरंट ऑफिसरचा, म्हणजे आपल्या कामातल्या तज्ज्ञ अधिकाऱ्याचा, रस्ता धर, कारण बोटीचा ताबा तिथेच मिळतो. समुद्रावरच्या प्रत्येक दिवसाची नोंद सही घेऊन स्वतःजवळ ठेव. उद्या व्यापारी जहाजांवर काम करायला कोस्ट गार्डचं मर्चंट लायसन्स काढायचं तर तीच लागते, आणि बदली झालेल्या कॅप्टनला शोधून मागची सही मिळवणं म्हणजे डोकेदुखी.

चामड्याचे जाड हातमोजे मी पाठवतोय. विंचच्या तारेचे तुटके धागे कापडातून आरपार जातात.

तुझा,
मामा