साधं एलसी-एमएस (औषधातले घटक वेगळे करून वजनावरून ओळखणारं मशीन) असताना हाय रेझोल्यूशन मशीनवर एवढा खर्च कशाला?

गोव्यात वेर्ण्याला फार्मात क्यूसीला (माल तपासायच्या खात्यात) लागलेल्या पोरांना हा प्रश्न पडतोच. २०१८ ला वालसार्टन या बीपीच्या गोळीत एनडीएमए ही कॅन्सरचा धोका असलेली भेसळ सापडली, तेव्हापासून तिच्या जातीची नायट्रोसामाइन शोधायचं काम लॅबवाल्यांच्या मागे लागलंय, मग मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीची पाळी आली. आता त्यात डीएमएफ सॉल्व्हंट थोडं उरलेलं असू शकतं, आणि गंमत अशी की एनडीएमएच्या आयनचं वस्तुमान ७५.०५५३ आणि डीएमएफच्या जड नायट्रोजनवाल्या आयनचं ७५.०५७१, साध्या क्वाड्रुपोलला (साध्या एलसी-एमएसमधला वजन मोजणारा भाग) दोन्ही ७५च दिसतात! २०२० ला अमेरिकेच्या एफडीएने दाखवलं की काही सॅम्पलचे आकडे यामुळेच फुगले होते. इथं रेझोल्यूशन (जवळजवळची वजनं वेगळी दाखवायची ताकद) चाळीस हजाराच्या वर लागतं, ऑर्बिट्रॅप या हाय रेझोल्यूशन मशीनला ते जमतं.

पण माझं ऐकाल तर आधी कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) बघा, दोघं वेगवेगळ्या वेळी बाहेर आले तर अर्धं भांडण तिथंच मिटतं आणि रोजचं काम तीन क्वाड्रुपोलवाल्या ट्रिपल क्वाडवर पण चालतं (सेल्सवाला हे सांगणार नाय). फॉर्म्युला सेम आणि आकार वेगळा असेल तर मात्र ऑर्बिट्रॅपचं रेझोल्यूशन पण कामाचं नाय, तिथं आयन मोबिलिटी बघा, त्यात आयन गॅसमधून ढकलतात आणि आटोपशीर आकाराचा पुढे सटकतो.