त्यानं काय लपवलं यापेक्षा काय विकलं ते बघ

भावा, तुझी पोस्ट वाचून झोप उडाली. लहानपणापासून ज्या बॉडीबिल्डरचं पोस्टर खोलीत लावलंस, तो निवृत्त झाल्यावर एका मुलाखतीत सहज सांगतो की स्पर्धांच्या काळात स्टेरॉइडची इंजेक्शनं चालूच होती. तू मात्र त्याच्याच शब्दावर दूध, अंडी आणि घाम एवढ्यावर राबत राहिलास. आता तो स्वतःच्या नावाची पावडर विकतोय, तिचा अर्धा डबा तुझ्या कपाटात आहे, आणि जिमकडं पाय वळत नाही म्हणतोस.

माझं असंच झालंय. माणूस वेगळा. नाव लिहीत नाही, आणि कोल्हापूरकरांनी कृपा करून अंदाज बांधू नयेत.

माझं मत काहींना पटणार नाही. त्यानं औषधं घेतली याचा मला राग नाही. त्या उंचीवर काय चालतं हे जगजाहीर आहे. डोरियन येट्सनं १९९२ ते १९९७ सलग सहा वेळा मिस्टर ऑलिंपिया ही बॉडीबिल्डिंगमधली सर्वात मोठी स्पर्धा जिंकली, शेवटची तर दंडामागचा ट्रायसेप्स स्नायू फाटलेला असताना, आणि पुढं स्टेरॉइडबद्दल तो उघड बोलला. रॉनी कोलमननं तेच आठ किताब घेतले, ८०० पौंडांचं स्क्वाट मारलं. आज पाठीच्या अनेक शस्त्रक्रियांनंतर त्याला आधाराशिवाय चालता येत नाही, आणि तेही तो लपवत नाही. असा माणूस मला आजही मोठा वाटतो, कारण किंमत किती पडली हे पोरांना दिसतं. माझ्या माणसानं किंमत लपवली आणि त्याच शरीराची जाहिरात करून पोरांना डबा विकला. माझं मन तिथं मोडलं.

कोल्हापुरात हे जास्त लागतं. इथं वस्ताद पोराच्या खुराकाची काळजी स्वतःच्या ताटाआधी करतो. खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. मोठ्यानं धाकट्यासाठी काय करायचं असतं, हे या गावाला कुणी शिकवायला नको. म्हणून थोरानं पोराच्या खिशात हात घातलेला इथं सहन होत नाही.

आता मुद्द्याचं. माझा पुतण्या माझ्या त्या माणसाचीच पावडर घेत होता. काही महिन्यांनी त्याच्या छातीत, स्तनाग्रांच्या मागं, दुखऱ्या गाठी आल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर लिव्हरचे आकडे वाढलेले आणि टेस्टोस्टेरॉन वयाच्या मानानं फारच कमी. बाहेरून स्टेरॉइड आलं की शरीर स्वतःचं बनवणं आवरतं घेतं, म्हणून त्यांनी पहिला प्रश्न केला, 'स्टेरॉइडचा कोर्स चालू आहे का?' पोरगं शपथेवर सांगत होतं, फक्त पावडर. पावडरीत खरंच काही मिसळलं होतं का, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्याला कारण एक कार्यालय. कुठलं ते राहू दे.

डबा घेऊन गेलो. म्हणाले, सील फुटलंय, हा नमुना होत नाही. सीलबंद आणून देतो म्हटलं, तर तुम्ही आणलेला चालत नाही, आमचा माणूस दुकानातून उचलेल. कधी? साहेब फिरतीवर. लेखी अर्ज दिला तर पोच द्यायला खळखळ. मग दुसरं टेबल, मग परत पहिलं. तोवर दुकानातला तो बॅच संपला आणि नव्या डब्याचं लेबलच बदललं. पैशाचं मला काही नाही. पण पोराच्या तब्येतीचा एकमेव पुरावा हातातून गेला, आणि घरात कित्येकांनी त्यालाच खोटं ठरवलं. ते पोर महिनोन्महिने कुणाशी धड बोललं नाही. हे लिहिताना आजही हात थरथरतो.

सगळ्यात संताप याचा की तिथल्या एकानंही कलम ४० चं नाव काढलं नाही. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मध्ये ते आहे. साधा ग्राहकसुद्धा फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. अट एकच, विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं की हे मी तपासायला देणार आहे. माल कायद्यात बसत नाही असा अहवाल आला तर फी परत मिळते. मला हे फार उशिरा एका वकिलाकडून कळलं. मी स्वतः वकील नाही आणि डॉक्टरही नाही, तेव्हा पाऊल उचलण्याआधी जाणत्याला विचार. तपासणीत नेमकं काय शोधायचं तेही लेखी माग. नुसतं प्रोटीन मोजून दिलं तर उपयोग नाही.

दुसरा रस्ता ग्राहक आयोगाचा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी नाही, मुदत दोन वर्षं. फसव्या जाहिरातीबद्दल २०१९ च्या ग्राहक कायद्यात जाहिरात करणाऱ्या नामवंतालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तो अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचा आहे, आणि आपण पुरेशी खातरजमा केली होती असं त्या नामवंतानं दाखवलं तर तो सुटतो, हेही लक्षात ठेव. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार क्रमांक घे. आणि पक्क्या बिलाशिवाय डबा घेऊच नका रे पोरांनो, ओळखीचा दुकानदार असला तरी.

व्यायामाचं म्हणशील तर सोडू नको. तुझे जोर, तुझ्या बैठका त्यानं दिलेल्या नाहीत. फक्त त्याचं वेळापत्रक टाकून दे. औषधावरचं शरीर ज्या वेगानं भरून येतं, तो वेग गृहीत धरून ते बांधलेलं असतं. साध्या शरीरानं तेवढे सेट मारले की सांधे बोलतात. आठवड्यातले दिवस कमी कर, झोप वाढव. खुराकाला शेंगदाणे, हरभरे, अंडी आणि म्हशीचं दूध पुरतं, हे माझं मत.

पोस्टर ठेवायचं की काढायचं ते तुझं तू ठरव. पण पावडर आजपासून बंद. लिव्हर, कोलेस्टेरॉल आणि सकाळचं टेस्टोस्टेरॉन एवढं तपासून घे, आणि काय घेतलंस ते डॉक्टरांना न लाजता सांग. डबा फेकू नको. झाकण घट्ट लाव, बॅच नंबर, तारीख आणि डब्यावरचा चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक यांचे फोटो काढ, बिल त्याच्यासोबत ठेव. छातीत दुखरं काही जाणवत असेल तर इथं उत्तराची वाट बघू नको, उद्याच दाखव.