फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाकडे 'ल्युमानिते' असताना 'स स्वार' हे वेगळं सायंदैनिक कशासाठी?

'ल्युमानिते' हे पक्षाचं मुखपत्र, सकाळी निघणारं. पॅरिसमध्ये संध्याकाळचा वाचक मात्र उद्योगपती प्रूव्होच्या 'पारी-स्वार' या सायंदैनिकाकडे होता, आणि तो भाषणं नव्हे तर फोटो, खेळ, गुन्ह्यांच्या बातम्या मागत होता. म्हणून मार्च १९३७ मध्ये, पॉप्युलर फ्रंट या डाव्या पक्षांच्या आघाडीच्या काळात, 'स स्वार' सुरू झालं. संचालक दोघे, लेखक लुई आरागाँ आणि झाँ-रिशार ब्लॉक. पक्षाचा शिक्का मुद्दाम ठळक ठेवला नव्हता.

खरी ताकद स्पेनच्या यादवी युद्धाच्या छायाचित्रांत. छायाचित्रकार रॉबर्ट कापा आणि गेर्डा तारो या पत्रासाठी काम करत; तारो जुलै १९३७ मध्ये ब्रुनेतेच्या आघाडीवर मारली गेली. परराष्ट्र घडामोडी लेखक पॉल निझाँ पाहायचा.

शेवट झटपट झाला. २३ ऑगस्ट १९३९ ला सोव्हिएत-जर्मन करार झाला, आरागाँनी त्याची बाजू घेतली आणि दोन-तीन दिवसांत दालादिए सरकारने दोन्ही पत्रं बंद केली. निझाँने पक्षच सोडला. १९४४ मध्ये पत्र पुन्हा निघालं, ते १९५३ पर्यंत चाललं.

जुने अंक 'गॅलिका'वर, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात आहेत. शोधताना एक लक्षात ठेवा: संध्याकाळच्या अंकावर दुसऱ्या दिवशीची तारीख असते, त्यामुळे पहिला अंक २ मार्चखाली सापडेल.