वाचकांचे प्रश्न : अ‍ॅमट्रॅकचे पॉइंट कमी का जमतात?

प्रश्न : मी अमेरिकेत कामासाठी अ‍ॅमट्रॅकने, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वेने, जवळचाच प्रवास करते. जुने सभासद सांगतात की एका फेरीला निदान 100 पॉइंट मिळायचे. माझ्या 10 डॉलरच्या तिकिटावर 20च जमा होतात. माझ्या खात्यात काही चूक आहे का?

उत्तर : खातं बरोबर आहे, नियम बदलला आहे. अ‍ॅमट्रॅकच्या ‘गेस्ट रिवॉर्ड्स’ या सभासद योजनेत तिकिटाच्या एका डॉलरला 2 पॉइंट मिळतात आणि ते पुढच्या तिकिटाला वापरता येतात. हा दर आधीही हाच होता, पण त्याला फेरीमागे किमान 100 पॉइंटची जोड होती. 24 जानेवारी 2016 रोजी ती काढली गेली. 50 डॉलर किंवा त्याहून महाग तिकिटाला याने काहीच फरक पडला नाही. फटका बसला तो तुमच्यासारख्या रोजच्या प्रवाशांना, आणि आमच्या मते तो अन्यायच होता. बिझनेस क्लासला 25 टक्के आणि ‘असेला’ या वेगवान गाडीच्या फर्स्ट क्लासला 50 टक्के जादा पॉइंट मिळतात. पण तेवढ्यासाठी वरचा वर्ग घेऊ नका : 40 डॉलरच्या तिकिटावर 25 टक्के म्हणजे जेमतेम 20 पॉइंट होतात.

प्रश्न : पॉइंट साठवून ते सणासुदीच्या महागड्या तिकिटाला वापरायचे, हा सल्ला अजून चालतो का?

उत्तर : नाही. तो सल्ला झोनच्या काळातला आहे. तेव्हा देशाचे झोन पाडलेले होते. किती झोन ओलांडले आणि कोणता वर्ग घेतला, यावर पॉइंट ठरायचे. त्या दिवशीचं भाडं कितीही असो. त्यामुळे तिकीट जितकं महाग, तितका पॉइंटवाल्याचा फायदा, म्हणून लांबच्या स्लीपरसाठी लोक वर्षानुवर्षं पॉइंट जपून ठेवत. 2016पासून लागणारे पॉइंट भाड्याला बांधले गेले. त्या वेळी साधारण 34.5 पॉइंटला एक डॉलर असा भाव होता. म्हणजे 30 डॉलरच्या तिकिटाला 1,035 आणि तीच जागा 60 डॉलरला गेली की 2,070. गर्दीच्या दिवसांत भाडं चढतं, तसे पॉइंटही चढतात. म्हणून पॉइंटचं तिकीटही रोखीच्या तिकिटासारखंच लवकर काढा.

काढण्यापूर्वी एक भागाकार करा. त्याच गाडीचं, त्याच वर्गाचं रोख भाडं बघा आणि त्याला लागणाऱ्या पॉइंटनी भागा. 2016च्या भावाने 60 भागिले 2,070 म्हणजे पॉइंटला सुमारे 2.9 सेंट. उत्तर नेहमी मिळणाऱ्या भावापेक्षा बरंच खाली आलं तर पैसे भरा, पॉइंट राखा. मात्र पॉइंटच्या तिकिटावर नवे पॉइंट मिळत नाहीत, हे हिशेबात धरा.

राखायचे म्हणजे विसरायचे नव्हेत. 24 महिने खात्यावर काहीच हालचाल झाली नाही तर सगळे पॉइंट बाद होतात. सभासद क्रमांक लावून, पैसे भरून केलेली एक छोटी फेरीही ते वाचवते.

प्रश्न : बाबांचं तिकीट मी माझ्या कार्डावर काढलं. त्याचे प्रवासाचे पॉइंट मला का आले नाहीत?

उत्तर : ते पॉइंट प्रवास करणाऱ्याचे असतात, पैसे भरणाऱ्याचे नाहीत. बाबांच्या नावाने वेगळं खातं उघडा, ते मोफत आहे, आणि आरक्षण करतानाच प्रवाशाच्या नावापुढे त्यांचा क्रमांक भरा. खात्यातलं नाव आणि तिकिटावरचं नाव एकसारखं ठेवा. पॉइंट जमा झालेले दिसेपर्यंत आरक्षण क्रमांक जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर तोच विचारतात.