‘परीक्षेत आणू नकोस’ की ‘मोहात पडू देऊ नकोस’?

प्रश्न असा आला आहे: येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत काही मंडळी ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस’ म्हणतात, तर काही ‘आम्हांला मोहात पडू देऊ नकोस’. यांतले बरोबर कोणते? आणि मोह झाला म्हणजेच पाप झाले का? प्रवचनात ‘मोहाचा प्रतिकार करा’ म्हणतात तेव्हा नेमके करायचे काय?

आधी मूळ शब्द पाहू. बायबलमधील मत्तय ६:१३ मध्ये ग्रीक शब्द आहे ‘पेइरास्मॉस’. कसोटी आणि पापाकडे ओढणारा मोह, हे दोन्ही अर्थ त्या एकाच शब्दात आहेत. देवाने अब्राहामाला इसहाकाचे अर्पण मागितले (उत्पत्ती २२) त्या प्रसंगी जुन्या ग्रीक भाषांतरात याच धातूचे क्रियापद आहे, आणि रानात सैतान येशूकडे आला (मत्तय ४) तिथेही तेच. मराठीत असा दुहेरी शब्द नाही, म्हणून भाषांतरकाराला एक बाजू धरावी लागते. ‘परीक्षा’ शब्दाशी जास्त इमानी आहे. ‘मोहात पडू देऊ नकोस’ अर्थाची एक शंका दूर करते: देवच माणसाला पापाकडे नेतो की काय? याकोब १:१३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की देव कोणालाही मोहात पाडत नाही. हा पेच फक्त मराठीचा नाही. फ्रेंच कॅथलिकांनी २०१७ साली आणि इटालियन कॅथलिकांनी २०२० साली याच ओळीचे शब्द बदलले, आणि दोन्हीकडे बदल ‘आणू नकोस’कडून ‘पडू देऊ नकोस’च्या दिशेनेच झाला. तेव्हा दोन्ही मराठी रूपे ग्राह्य आहेत. मात्र ‘परीक्षेत आणू नकोस’ म्हणणाऱ्याने परीक्षा म्हणजे कसोटी हा अर्थ मनात ठेवावा.

खरी अडचण ‘मोह’ या शब्दाची आहे. आपल्याकडे काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर या षड्रिपूंच्या यादीतून तो येतो. त्याचा संस्कृत धातू ‘मुह्’ म्हणजे भान हरपणे. त्या अर्थाने मोह हीच आतली विकृती, तो असणे हाच दोष. ख्रिस्ती वापरात मोह म्हणजे पापाचे निमंत्रण. निमंत्रण आले म्हणून कोणी पंगतीला बसला असे होत नाही. हा फरक धरला नाही तर इब्री ४:१५ कळतच नाही, कारण तिथे म्हटले आहे की येशू सर्व प्रकारे आपल्यासारखा पारखला गेला, तरी निष्पाप राहिला.

सुदैवाने हा फरक सांगायला मराठी क्रियापदे समर्थ आहेत. ‘मोह होणे’ किंवा ‘मोह पडणे’ म्हणजे ओढ वाटणे. इथे मोह कर्ता आहे. ‘मोहात पडणे’ मध्ये कर्ता माणूस आहे. तो आत शिरला. एका ‘-त’ प्रत्ययाने जबाबदारी बदलते. ‘मोह घालणे’, ‘मोहात पाडणे’ हे दुसऱ्याचे काम. म्हणून ‘सैतानाने येशूला मोह घातला’ बरोबर, ‘येशूची परीक्षा झाली’ हेही बरोबर. ‘येशू मोहात पडला’ हे मात्र साफ चूक. शब्दांची ही गफलत ऐकणाऱ्याच्या श्रद्धेला धक्का देऊ शकते, म्हणून उपदेशकांनी इथे फार जपावे.

प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन याने येशूच्या डोंगरावरील प्रवचनाच्या विवरणात पापाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. त्या मराठीत सुचणे, रुचणे आणि रुकार देणे अशा मांडता येतात. सुचण्यात पाप नाही. रुकार दिला की पाप पूर्ण झाले. सिनाय पर्वतावरचा सातव्या शतकातला मठाधिपती योहान क्लिमाकस आणखी बारकाईने पाहतो: विचाराची धडक, त्याच्याशी बोलणे, संमती, बंदिवास, झगडा आणि शेवटी जडलेला विकार. पहिल्या धडकेला तो निर्दोष म्हणतो. बहुतेक लोक हरतात ते दुसऱ्या पायरीवर, कारण बोलणे सुरू झाले की मन दोन्ही बाजूंनी वकिली करू लागते. एदेन बागेत हव्वेने सर्पाशी चर्चाच सुरू केली होती (उत्पत्ती ३).

येशूने रानात चर्चा केली नाही. भाकरीचा मोह आला तेव्हा जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातले ८:३, मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याचा आला तेव्हा ६:१६, राज्यांचा आला तेव्हा ६:१३. प्रत्येक वेळी एकच वचन, तेही त्याच मोहावर नेमके बसणारे. सैतानानेही स्तोत्र ९१ म्हटलेच, तेव्हा नुसते वचन पाठ असणे पुरत नाही; कुठले कुठे लागू पडते ते कळावे लागते. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातला साधू एवाग्रियस याने आठ दुष्ट विचारांसाठी प्रत्येकी अशा प्रत्युत्तर-वचनांचा संग्रहच केला. आजही हे जमते: जो मोह वारंवार होतो त्यासाठी एक छोटे वचन आधीच निवडून तोंडपाठ ठेवावे. धडक बसल्यावर शोधू लागलात तर उशीर होतो.

‘प्रतिकार’ हा शब्द मला इथे अपुरा वाटतो, कारण तो सगळ्या मोहांना एकच उपाय सुचवतो. नव्या करारात क्रियापदे वेगवेगळी आहेत. जारकर्मापासून ‘पळ काढा’ (१ करिंथ ६:१८). तिथे उभे राहून लढायचेच नाही. सैतानाला मात्र ‘अडवा’ (याकोब ४:७), आणि त्याआधी त्याच वचनात ‘देवाच्या अधीन व्हा’ आहे. हा क्रम उलटला की माणूस स्वतःच्या निग्रहावर लढतो आणि थकून पडतो. झोपी गेलेल्या शिष्यांना येशूने सांगितले ते ‘जागृत राहा आणि प्रार्थना करा’ (मत्तय २६:४१), म्हणजे मोह येण्याआधीचे काम.

‘मोह’ऐवजी ‘प्रलोभन’ हा पर्याय कोणी सुचवतील. मतदारांना प्रलोभन दाखवतात, म्हणजे त्याला दाखवणारा लागतो. स्वतःच्या वासनेची ओढ त्यात बसत नाही. याकोब १:१४ मध्ये माणूस वासनेने ‘ओढला जातो व भुलवला जातो’ असे आहे. तिथल्या ‘भुलवण्या’च्या ग्रीक क्रियापदात गळाला लावायचे आमिष आहे. त्या जागी ‘आमिष’ शोभते.

आणखी एक क्रियापद ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १ करिंथ १०:१३ च्या मराठी भाषांतरात देव परीक्षेबरोबर तिच्यातून ‘निभावण्याचा’ उपायही करील असे म्हटले आहे. मूळ शब्दाचा अर्थ बाहेर पडण्याची वाट. तेव्हा आधी दूर राहणे ते ‘मोह टाळणे’, सुचलेले रुचू लागताच थांबवणे ते ‘मोह आवरणे’, आणि ओढ कायम असताना देवाच्या साहाय्याने पार होणे ते ‘परीक्षेत निभावणे’.