स्वप्नावरून काढलेलं चित्र कात्रणं चिकटवल्यासारखं का दिसतं?

उठेपर्यंत स्वप्न विरून जातं, आणि जेवढं आठवतं तेवढं कॅनव्हासवर आलं की कात्रणं चिकटवल्यासारखं दिसतं, असं तुम्ही धुळ्याहून विचारलंय.

आठवणीचं आधी. जाग आल्यावर कूस बदलू नका, मोबाईल तर अजिबात नको. उशाशी वही आणि २बी पेन्सिल ठेवा. जागा कोणती, उजेड कुठून आणि ठळक वस्तू कोणती, एवढंच टिपा. दुपारच्या डुलकीसाठी स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीची युक्ती उत्तम: खुर्चीत बसून अंगठा आणि तर्जनीत जड किल्ली धरायची, खाली थाळी पालथी ठेवायची. डोळा लागताच किल्ली पडते, त्या आवाजाने जाग येते आणि नुकतं दिसलेलं ताजं असतं.

कात्रणांसारखं दिसण्याचं कारण बहुधा उजेड असतो. प्रत्येक वस्तू वेगवेगळ्या फोटोवरून घेतली की सावल्याही वेगवेगळ्या दिशांना पडतात. आधी ५ × ७ सेंमीच्या चौकटीत कच्चं चित्र काढा, उजेडाचा बाण ठरवा आणि सगळ्या सावल्या त्याच बाणाने पाडा.

मग खऱ्या जगाचा नियम एकच मोडा. समजा, तापीच्या पुलाच्या कठड्यावर खाटेएवढा मांडा (पुरणाची मोठी, पातळ पोळी) लोंबतोय. आधी खापरावरचा खरा मांडा नीट बघा: कड इतकी पातळ की पलीकडचा उजेड झिरपतो, वर तपकिरी डाग, आणि दुमडीत सावली एकदम गडद. हे जसंच्या तसं रंगवा. खोटा असावा तो फक्त आकार आणि जागा. दालीच्या १९३१च्या चित्रातल्या मऊ, लोंबत्या घड्याळांमागेही स्पेनमधल्या कातालोनियाचे खरे कडे आहेत. मांड्यासोबत उडता मासा, डोळा, शिडी घातलीत की चित्र फसलं.

१२ × १६ इंचांचा कॅनव्हास पुरे. जेसोचे (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन पातळ हात द्या, मध्ये २२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये अ‍ॅक्रिलिक ब्रश टेकतोय तोच सुकतं आणि आकाशात पट्टे उठतात. म्हणून आकाश भल्या सकाळी, पंखा बंद करून रंगवा. निळ्याच्या तीन छटा आधीच वाट्यांत कालवून ठेवा, ब्रश ओलसर असू द्या. रिटार्डर (रंग सुकणं लांबवणारं द्रव्य) लेबलवरच्या प्रमाणापेक्षा जास्त नको, थर चिकट राहतो.

सावलीला नुसता काळा वापरू नका, भोक पडल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट अंबर मिसळून दोन-तीन पातळ थर चढवा. वस्तू टेकते तिथे गडद आणि पुढे फिकट होत जाणारे.