आजेसासूबाईंचा ब्रश-आरशाचा सेट हस्तिदंती आहे का?

प्रश्न : ताई, साखर पेठेतल्या जुन्या घराची पत्र्याची ट्रंक उघडली तर आजेसासूबाईंचा सेट निघाला, हातआरसा, ब्रश, कंगवा, पावडरचा डबा, सगळं सायीच्या रंगाचं आणि सगळ्यावर सारख्या बारीक रेघा. घरचे म्हणतात हस्तिदंत आहे, दीर म्हणतात सुई तापवून टोचून बघू. कंगव्याला चिरा पडल्यात, डब्यातल्या पिना गंजल्यात. लेकीच्या रुखवतात फणी-करंड्याशेजारी मांडायचाय, पॉलिश करू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, आधी ती सुई काढून घ्या बघू. तुम्ही लिहिलंय त्यावरून हे सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक वाटतंय, आणि ते भसकन पेटतं. जुन्या सिनेमाच्या रिळांना आग लागायची ना, तेच हे. अमेरिकेत 1870 च्या सुमाराला हायट नावाच्या माणसाने हे आणलं, हस्तिदंत महाग म्हणून त्याच्यासारखं दिसणारं, रेघासुद्धा मुद्दाम पाडलेल्या. खऱ्या हस्तिदंतात आडव्या कापावर एकमेकींना छेदणारी जाळी दिसते, यात रेघा सरळ शेजारी शेजारी. अजून एक, आरशाची मूठ अंगठ्याने जोरात घासा, गरम झाली की लगेच वास घ्या, देवघरातल्या कापरासारखा आला तर शंकाच नको, कारण हे बनवताना कापूरच घालतात.

हस्तिदंत नाही म्हणून मन खट्टू करू नका, एका घरात चारही वस्तू एकत्र टिकल्या हेच केवढं मोठं आहे!

आता चिरांचं. हा माल जुना झाला की आतून आम्लाची वाफ सोडतो, पिना त्यानेच गंजल्या असणार. अढीतला एक आंबा नासला की बाकीचे जातात तसंच, म्हणून कंगवा आजच वेगळा ठेवा. बाकीचं सुती कापडात सैल गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तर अजिबात नको आणि पत्र्याच्या ट्रंकेत माळ्यावर पण नको, आपल्याकडे मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो तेव्हा माळ्यावर काय होत असेल विचार करा.

पॉलिश, स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर काहीच लावू नका, विरघळतं. जुन्या मऊ साडीचा तुकडा किंचित ओला करून पुसा न् लगेच कोरडं करा. टर्किशचा नॅपकिन नको, त्याचे धागे चिरांत अडकतात. ब्रशचे फक्त केस साबणाच्या पाण्यात बुडवा, पाठ बुडू देऊ नका, आणि केस खाली करून वाळवा. आरशावर पाणी फवारू नका, कडेने आत गेलं की मागचा चांदीचा थर काळा पडतो.

रुखवतात जरूर मांडा, फक्त समई न् हॅलोजनपासून चांगलं लांब, आणि उदबत्ती त्या टेबलावर नकोच.